फोंताइन्हास : टेकडीच्या कुशीतील नांदती वस्ती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा आनंदाबरोबर एक प्रश्नही दाराशी येऊन उभा राहतो. जे उभारले ते टिकले, हे खरे. पण ते कशामुळे टिकले? दगड-चुन्यामुळे, कायद्यामुळे, पैशामुळे, की रोज सकाळी दार उघडून अंगण झाडणाऱ्या माणसामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. गोव्याची राजधानी पणजी येथे एका टेकडीच्या पायथ्याशी सुमारे दोनशे वर्षे नांदत असलेली एक छोटीशी वस्ती आहे. तिचे नाव फोंताइन्हास. आजचे व्याख्यान तिच्या वास्तुकलेविषयी आणि तिच्या सौंदर्याविषयी आहे. परंतु ओघाने ते त्या प्रश्नाविषयीही आहे.

पणजी शहर मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर वसले आहे. शहराच्या मध्यभागी आल्तिनो नावाची टेकडी उभी आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ लहानशी उंच जागा असा होतो. या टेकडीचा पूर्वेकडचा उतार जेथे संपतो आणि ओरें खाडीचे पाणी जेथे सुरू होते, त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत फोंताइन्हास सामावलेली आहे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भरती-ओहोटीचे पाणी, यांच्यामध्ये वस्तीला पसरण्यास जागाच नव्हती. त्यामुळे घरे एकमेकांना खेटून उभी राहिली, गल्ल्या अरुंद राहिल्या आणि प्रत्येक घराला शेजाऱ्याच्या भिंतीचा आधार घ्यावा लागला. आज पाहुण्यांना जी गोष्ट मोहक वाटते तिचे मूळ भूगोलाने घातलेल्या या मर्यादेत आहे.

या वस्तीचा जन्म समजून घेण्यासाठी आधी एका शहराचा मृत्यू समजून घ्यावा लागतो. पणजीपासून काही मैलांवर, मांडवीच्याच काठी, जुने गोवे हे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याचे वैभवशाली नगर होते. सोळाव्या शतकात त्याची कीर्ती युरोपभर पसरली होती. पुढे मात्र साथीच्या रोगांनी ते पोखरले. गोव्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. दाट वस्तीतील सांडपाणी त्यातून झिरपून विहिरींपर्यंत पोहोचत असे, हे त्या साथींचे एक कारण मानले जाते. श्रीमंतांनी नगर सोडले, त्यांच्यामागून व्यापारी गेले आणि अखेरीस १७५९ साली खुद्द व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविला. त्यानंतर जुने गोवे पुन्हा वसविण्याचे प्रयत्न झाले, पण ते सफल झाले नाहीत. भव्य प्रार्थनामंदिरे राहिली, त्यांच्याभोवतीची घरे नाहीशी झाली. त्या ओस पडलेल्या इमारतींचे दगड आणि लाकूड नव्या बांधकामांसाठी वाहून नेले गेले. पणजीच्या टेकडीवरील मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची प्रचंड घंटासुद्धा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन पंथाच्या मोडकळीस आलेल्या मठातून आणलेली आहे. ती १८७१ साली येथे बसविण्यात आली. पणजीच्या सकाळीत आजही जुन्या नगराचा आवाज घुमतो, तो असा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंताइन्हासच्या जागी माडांची बाग होती. ही जमीन आंतोनिओ ज्युआंव द सिक्वेरा या गोमंतकीय गृहस्थाच्या मालकीची होती. आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये त्याने संपत्ती मिळविली होती, आणि त्यावरून लोक त्याला ‘मोस्मीकर’ म्हणत, असे सांगितले जाते. पोर्तुगीज नाव धारण करणाऱ्या या माणसाला लोकांनी आपल्या पद्धतीने ‘कर’ हा प्रत्यय जोडून टाकला, ही गोष्ट लहान असली तरी अर्थपूर्ण आहे. या वस्तीला पुढे ‘लॅटिन क्वार्टर’ असे भारदस्त बिरुद मिळाले. परंतु तिची माती, तिचे गवंडी आणि तिचे बहुसंख्य रहिवासी या भूमीचेच होते, हे त्या एका टोपणनावातून ध्यानात येते.

वस्तीचे नाव मात्र पाण्यावरून पडले. पोर्तुगीज भाषेत ‘फोंते’ म्हणजे झरा आणि ‘फोंताइन्हास’ म्हणजे लहान झरे. आल्तिनोच्या पायथ्याशी मळा भागात ‘फोंते फेनिक्स’ नावाचा बांधीव झरा आहे. पावसाळ्यात टेकडीच्या जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याशी पाझरते, त्याला दगडी कोंदण घालून लोकांनी ते पिण्यासाठी साठविले. याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला ‘बोका द व्हाका’ नावाचा झरा आहे. त्या नावाचा शब्दशः अर्थ गायीचे मुख. म्हणजे आपल्या प्रत्येक तीर्थक्षेत्री आढळणारे गोमुखच. नळ येण्यापूर्वी अशा झऱ्यांनीच या भागाची तहान भागविली. ज्या जांभ्याने जुन्या गोव्याच्या विहिरी दूषित होऊ दिल्या, त्याच जांभ्याने येथे स्वच्छ पाणी गाळून दिले. दगड तोच होता. माणसांनी त्याच्या माथ्यावर किती गर्दी केली, हा फरक होता.

एकोणिसाव्या शतकात पणजीचे रूप पालटले. १८२७ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने वाळूच्या टेकाडांचे सपाटीकरण केले, दलदली बुजविल्या, सरळ रस्ते आखले आणि शासकीय इमारती उभारल्या. शेजारच्या सांव तोमे भागात सरकारी टांकसाळ आली. २२ मार्च १८४३ रोजी राजाज्ञेने पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि तिला ‘नोव्हा गोवा’ हे नाव देण्यात आले. राजधानी झाली म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर कारकून, वकील आणि शिक्षक आले. त्यांना कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर हवे होते. माडांच्या बागेत घरे उभी राहू लागली, ती या मध्यमवर्गाची. फोंताइन्हासमध्ये भव्य प्रासाद नाहीत. येथील घर साधारण ऐपतीच्या कुटुंबाचे, एक किंवा दोन मजल्यांचे, माणसाच्या उंचीशी नाते राखणारे आहे. या वस्तीच्या गोडव्याचे हे एक मोठे रहस्य आहे.

टेकडीच्या उतारावर घर बांधणे हे सपाटीवर घर बांधण्याहून वेगळे शास्त्र आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. टेकडीवरून धावत येणारे ते पाणी वस्तीतून वाट काढून खाडीला मिळाले पाहिजे. म्हणून फोंताइन्हासचे मुख्य रस्ते टेकडीच्या पायथ्याला समांतर, उत्तर-दक्षिण धावतात आणि त्यांना छेद देणाऱ्या आखूड गल्ल्या उताराच्या दिशेने खाली उतरतात. जेथे चढ तीव्र होतो तेथे गल्लीच्या पायऱ्या होतात. पावसाळ्यात या आडव्या गल्ल्या पाण्याला वाट देतात आणि उरलेल्या काळात खाडीवरचा वारा वस्तीच्या आत आणतात. घरांची जोती उंच आहेत, ती याच कारणाने. मळा आणि फोंताइन्हासचा सखल भाग मुळात पाणथळ होता. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की त्या पाण्याला आपले जुने घर आठवते आणि रस्ते जलमय होतात. ज्यांनी जोती उंच बांधली त्यांना पाण्याचा हा स्वभाव ठाऊक होता.

आता एका घराजवळ जाऊ. भिंती जांभ्याच्या आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. त्याचे चिरे सहज कापता येतात आणि हवा लागली की तो घट्ट होत जातो. मात्र सच्छिद्र असल्यामुळे तो उघडा राहिला तर पाणी शोषून घेतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि गिलाव्यावर चुन्याचा हात दिला जातो. जाड भिंतींमुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. माथ्यावर उतरते लाकडी छप्पर आणि त्यावर कौले. पूर्वी ही कौले अर्धगोल, देशी बनावटीची असत. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यानंतर सपाट मंगलोरी कौले किनारपट्टीवर सर्वत्र पसरली आणि त्यांनी येथेही आपले स्थान मिळविले. कौलांची वळचण भिंतीपासून बरीच पुढे येते. तिचे काम भिंतीला पावसापासून वाचविण्याचे. काही छपरांच्या कोपऱ्यांवर मातीचा कोंबडा किंवा शिपाई बसलेला दिसतो. तेवढीच काय ती हौस.

दर्शनी भागात खिडक्या लांबट, जवळजवळ दरवाजाएवढ्या उंच आहेत. त्या उघडल्या की समोर लहानसा सज्जा येतो. त्याचा कठडा कोठे लाकडाचा, कोठे ओतीव लोखंडाचा, वेलबुट्टीच्या नक्षीचा. गोव्याच्या खेड्यांतील घरांना पुढे ऐसपैस ‘बाल्कांव’ असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना बसण्याचे कट्टे असलेली देवडी. फोंताइन्हासला तेवढी जागा नव्हती. तेव्हा खेड्यातील बाल्कांवचे काम येथे सज्जाने आणि दारातील पायरीने केले. संध्याकाळी सज्जातून समोरच्या सज्जाशी बोलावे, पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करावी, अशी ही रचना. रस्ता इतका अरुंद की आवाज चढविण्याची गरजच पडत नाही. शेजारधर्म हा येथे उपदेशाचा विषय नव्हता. घराच्या आराखड्यातच तो बांधलेला होता.

काही जुन्या खिडक्यांच्या तावदानांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या बसविलेल्या दिसतात. काच दुर्मीळ आणि महाग होती त्या काळातला हा उपाय. त्यातून येणारा प्रकाश दुधाळ, सौम्य असतो आणि समुद्राकाठच्या प्रखर उन्हाची धार बोथट होते. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि ते योग्यच झाले. त्यामुळे जुन्या खिडकीतील चकत्या जपणे एवढेच हाती उरते. फुटलेली चकती बदलून नवी आणू, असे येथे म्हणता येत नाही. ज्या वस्तूला पर्याय नाही ती वापरताना हात आपोआप हलका होतो, ही शिकवण त्या खिडकीपाशी मिळते.

फोंताइन्हासची छायाचित्रे पाहणाऱ्याच्या मनात प्रथम भरतात ते तिचे रंग. पिवळी, निळी, तांबडी, हिरवी अशी घरांची रांग आणि प्रत्येक खिडकीभोवती पांढरी किनार. पांढरा रंग फक्त देवालयांसाठी राखून ठेवावा आणि घरे अन्य रंगांनी रंगवावीत, असा दंडक पोर्तुगीज अमदानीत होता, असे सांगितले जाते. पावसाळा संपला की दरवर्षी घर रंगविण्याची सक्ती होती, असेही म्हणतात. त्या दंडकामागचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. चुन्याचा रंग पावसाने धुऊन जातो. तो दरवर्षी दिला नाही तर गिलावा उघडा पडतो, गिलावा उघडा पडला की जांभा पाणी पितो आणि भिंत आतून कुजू लागते. चुन्यात काव कालवली की तांबडा रंग, पिवडी कालवली की पिवळा, नीळ घातली की निळा. म्हणजे हा रंग मुळात शृंगार नव्हता. ते घराचे वार्षिक औषध होते. मृगापूर्वी कौले शाकारायची आणि पाऊस सरला की भिंतींना चुना द्यायचा, या दोन कामांभोवती घराचे वर्ष फिरत असे. सौंदर्य हे त्या नित्यनेमाचे फळ होते.

वस्तीच्या दक्षिण भागात, एका चौकाच्या टोकाला, सेंट सेबॅस्टियनचे पांढरे शुभ्र छोटे चॅपेल आहे. एकोणिसाव्या शतकातील ही साधी वास्तू. तिच्यात एक मोठा लाकडी क्रूस आहे. जुन्या गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालयाच्या, म्हणजेच इन्क्विझिशनच्या, वाड्यात तो होता. १८१२ साली ते न्यायालय कायमचे बंद झाल्यानंतर तो पणजीच्या शासकीय वाड्यात आला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चॅपेलमध्ये. क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे सामान्यतः मिटलेले असतात. या मूर्तीचे डोळे उघडे आहेत. ज्या न्यायालयाच्या नुसत्या नावाने अडीचशे वर्षे माणसे थरकापली, तेथील मूर्ती आता एका गल्लीच्या टोकाशी, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या प्रार्थना ऐकत उभी आहे. सत्तेची वस्तू लोकांच्या हाती आली की तिची भीती कशी विरघळते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच टेकडीच्या उतारावर, मळ्याच्या वर, मारुतीचे देऊळ आहे. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि त्यानंतर गोव्यातील हिंदूंना समान नागरी अधिकार मिळाले. शहरात हिंदूंची घरे आणि देवळे मोकळेपणाने उभी राहू लागली ती त्या काळापासून. मारुतीच्या जत्रेला टेकडीवरील देऊळ दिव्यांनी उजळते तेव्हा खालच्या गल्ल्यांतून सर्व धर्मांची माणसे वर चढतात. एकाच उतारावर वर मारुती आणि खाली सेबॅस्टियन, अशी ही वाटणी आहे. ही शेजारदारी सहज मिळालेली नाही. तिच्यामागे वेदनेचा मोठा इतिहास आहे, म्हणून तिची किंमत अधिक.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फोंताइन्हास ही युनेस्कोने घोषित केलेली वारसा वस्ती आहे, असे अनेक पर्यटन पुस्तिकांत छापलेले आढळते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ साली समाविष्ट झाली ती जुन्या गोव्यातील चर्च आणि मठांची वास्तुसंपदा, फोंताइन्हास नव्हे. म्हणजे जे नगर ओस पडले त्याला जगाची मान्यता मिळाली, आणि ज्या वस्तीत माणसे अजून चूल पेटवितात तिचा भार मुख्यतः त्या माणसांवरच राहिला. या एका विरोधाभासात आजच्या विषयाचे सार आहे.

तो भार किती जड आहे, हे आता पाहू. पहिली अडचण वारसाहक्काची. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आणि वारसाहक्काबाबतची तिची तत्त्वे २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही कायम ठेवली. मृत्युपत्र केले तरी मालमत्तेचा निम्मा हिस्सा मुलांसारख्या निकटच्या वारसांना मिळालाच पाहिजे, आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात करता येत नाही. न्यायाच्या दृष्टीने हे तत्त्व अत्यंत उदात्त आहे. परंतु तीन पिढ्यांनंतर एका लहान घराचे वीस-पंचवीस वाटेकरी होतात. एक मुंबईत, एक लिस्बनमध्ये, एक आखाती देशात. कौले फुटली तर खर्च कोणी करायचा, याचा निर्णय होत नाही. विकायचे तर सर्वांच्या सह्या लागतात. अखेर दाराला कुलूप लागते आणि पहिल्याच पावसात छपराचा वासा खचतो. अनेक भाड्याच्या घरांची कथा याहून वेगळी नाही. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण जुन्या भाड्यात शाकारणीचा खर्चही निघेना, तेव्हा मालकाचा हात आखडला.

दुसरी अडचण ज्ञानाची. चुना भिजविणे, मळणे, त्याचा गिलावा घोटणे ही कामे जाणणारे कारागीर विरळ झाले. त्यांच्या जागी सिमेंट आले. सिमेंटचा गिलावा आणि त्यावरचा प्लास्टिकयुक्त रंग भिंतीला घट्ट आवरण घालतो. जोत्यातून वर चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, ती आतच कोंडते आणि काही वर्षांत गिलाव्याचे पोपडे धरतात. घरमालक प्रामाणिकपणे, पदरमोड करून दुरुस्ती करतो आणि त्या दुरुस्तीनेच घराचे आयुष्य घटते. सद्भाव पुरेसा नसतो. त्याला सम्यक ज्ञानाची जोड हवी, हे तत्त्व या सभागृहात वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी अडचण सर्वांत नवी आणि सर्वांत विचित्र आहे. ती म्हणजे कौतुकाची. अलीकडच्या वर्षांत प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आला आणि फोंताइन्हासच्या रंगीत भिंती घरोघरी पोहोचल्या. पहाटेपासून गल्ल्यांत छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते. विवाहपूर्व छायाचित्रणासाठी जोडपी येतात, दुसऱ्याच्या पायरीवर बसतात, सज्जाखाली मोठ्याने हसतात, कधी उघड्या खिडकीतून आत डोकावतात. ज्या खिडकीतून शेजाऱ्याशी बोलायचे ती खिडकी घरातील वृद्ध स्त्रीला दिवसभर बंद ठेवावी लागते. काही दारांवर छायाचित्रे काढू नयेत अशी विनंती लावलेली दिसते. पाहुण्यांना ही वस्ती चित्रपटाचा देखावा वाटते. देखाव्यामागे कोणी आजारी असेल, कोणाचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करीत असेल, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. त्यात दुष्टावा नसतो. केवळ पाहणे असते आणि जाणणे नसते.

याच आकर्षणाने घरांची अतिथिगृहे आणि उपाहारगृहे झाली. या बदलाला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. कुलूपबंद होऊन कोसळली असती अशी काही घरे त्या उत्पन्नामुळे आज उभी आहेत; त्यांची कौले शाबूत आहेत, तावदाने पुसलेली आहेत. परंतु औषधाचीही मात्रा असते. शेजारची सर्व घरे पाहुण्यांची झाली, तर उरलेल्या एका घरातील कुटुंबाला मीठ-साखर उसनी मागायला दार राहत नाही. मग तेही निघून जाते. जुने गोवे रोगाने रिकामे झाले. फोंताइन्हास कौतुकाने रिकामी होऊ शकते.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. २००० च्या दशकात गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुप या संस्थेने फोंताइन्हासमध्ये कला महोत्सव भरविले, तेव्हा रहिवाशांनी आपल्या घरांचे दिवाणखानेच चित्रप्रदर्शनासाठी उघडले. त्या काही दिवसांत पाहुणा दाराबाहेर थांबून भिंत पाहत नव्हता. यजमानाच्या निमंत्रणाने उंबरठा ओलांडून आत येत होता. दोन्हीमधील अंतर फार मोठे आहे. वस्तीचा वारसा कसा दाखवावा याचे उत्तर त्यात सापडते: जेथे रहिवासी यजमान असतो तेथे कौतुक ओझे होत नाही.

उपायही अशक्यप्राय नाहीत. चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याच्या हाताखाली चार तरुण तयार करणे, अनेक वारसांच्या घराची दुरुस्ती एका समाईक निधीतून करून खर्चाचा हिशेब नंतर वाटणीच्या वेळी मांडणे, पाहुण्यांच्या वेळा आणि मर्यादा रहिवाशांच्या संमतीने ठरविणे, दुमजली घरात वरचा मजला पाहुण्यांना देऊन खालच्या मजल्यावर कुटुंबाने राहणे. यांतील एकही गोष्ट फार मोठ्या रकमेची नाही. प्रत्येकीला हवे आहे ते सातत्य, आणि सातत्य ही गोष्ट शासनाच्या आदेशापेक्षा समाजाच्या संस्थांना अधिक चांगली साधते.

बंधू-भगिनींनो, ‘जीर्णोद्धार’ हा शब्द या समाजाला शिकवावा लागत नाही. नवे मंदिर बांधण्याहून जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यप्रद, अशी श्रद्धा येथे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे. त्या श्रद्धेच्या मुळाशी व्यवहाराचे शहाणपण आहे. नवे उभारणाऱ्याचे नाव शिलालेखावर कोरले जाते. पण दरवर्षी पावसाआधी छपरावर चढून फुटके कौल बदलणाऱ्याचे नाव कोठेही नोंदलेले नसते. वास्तू मात्र त्या दुसऱ्या माणसामुळे उभी राहते. फोंताइन्हासच्या मोस्मीकराचे नाव इतिहासाने राखले. दोनशे पावसाळे तिच्या भिंतींना चुना देणाऱ्या हातांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

या संस्थेच्या पन्नास वर्षांतही असे हात असतील. हिशेबाची वही रोज लिहिणारे, धर्मशाळेतील पाण्याचे मडके रोज धुऊन भरणारे, रात्री शेवटचा दिवा मालवून किल्ली जाग्यावर ठेवणारे. सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी त्यांचे स्मरण प्रथम व्हावे, एवढेच आल्तिनोच्या पायथ्याशी असलेली ती छोटी वस्ती सुचविते. पाऊस दरवर्षी येतो, आणि कौले दरवर्षी पाहावी लागतात.